तारीख मारायची राहिली

माझ्या वाट्याला मोजून बारा वर्षे आली होती मित्रांनो, आणि त्यातले शेवटचे आता सरत आले आहे. मी तारखेचा एक जुना शिक्का आहे. वर काळी लाकडी मूठ, मध्ये पितळी सांगाडा आणि पोटात रबराचे चार पट्टे: दोन दिवसाच्या आकड्यांचे, एक महिन्याचा, एक वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावर कारागिराने बाराच वर्षे कोरली. बारावे संपले की रबराचा जोड येतो. तिथे काहीच कोरलेले नाही.

ती कोरी जागा वर यायच्या आत मला तुमच्यापाशी बोलायचे आहे. मला घाई आहे. काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका बोळातल्या दुकानात झाला. कारागिराने मला पहिल्यांदा कागदावर दाबले, ठसा उजेडात धरला आणि म्हणाला, "चला, बारा वर्षं बघायला नको." शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "माणसाला कुणी एवढी तरी लिहून दिली असती तर!" दोघेही हसले. मग मला खोक्यात घालून कामगार खात्याच्या कचेरीत पाठवले.

तिथे दारालगतच्या टेबलावर माझी जागा होती. बाहेरून आलेल्या कागदावर माझा ठसा पडला की तो कागद आवक झाला. बाहेर जाणाऱ्या कागदावर पडला की जावक झाला. ठसा नसलेला कागद कुणी हातात धरत नसे. त्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळी कचेरी आवकताई म्हणे. रोज सकाळी पदर सारखा करून बसायच्या आधी त्या माझा दिवस फिरवायच्या, कपट्यावर एकदा दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "उजाडलं बाई एकदाचं." माझ्यामुळेच उजाडते, असे मला वाटे.

आकडे मला जन्मापासून येत होते. अक्षरे मात्र मी फार उशिरा शिकलो, कागदांवर पडून पडून. ज्याला उशिरा वाचता येऊ लागते, त्याला प्रत्येक लिहिलेली ओळ खरी वाटते. मलाही तशीच वाटे.

माझ्या तिसऱ्या वर्षी शहराच्या कडेला एका शिवणकारखान्यात आग लागली. दुपारची वेळ होती. कापडाचे तुकडे चोरीला जातात म्हणून कामाच्या वेळी मालक दाराला बाहेरून कडी घालत. एकच नव्हे, सगळेच घालत. कडी काढणारा पहारेकरी चहा प्यायला गेला होता. आतल्या नऊ जणी जळून गेल्या.

पंधरा दिवसांनी आमच्या टेबलापुढे एक मावशी येऊन उभी राहिली. त्या नऊ जणींत तिची थोरली लेक होती. धाकटी दुसऱ्या एका शिवणकारखान्यात कामाला जात होती, आणि त्या दारालाही बाहेरून कडी होती. हातातला अर्ज दोन पानी होता. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडून लिहून घेतलेला, "महोदय, सविनय निवेदन" वगैरे सगळे असलेला. तिला स्वतःला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

"धाकटीला तिथनं काढा ना, मावशी," ताई म्हणाल्या.

"काढून कुठं घालू? उघड्या दाराचा कारखाना तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. आत्ता घेऊन जाते."

ताईंनी मला शाईच्या पेटीत टेकवले आणि अर्जावर दाबले. मावशीने ठशाकडे बोट केले. "हे काय?"

"आजची तारीख. तुमचा अर्ज आला, असा अर्थ."

"म्हणजे पोचला?"

"पोचला."

ती समाधानाने गेली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

त्याच सुमारास सभागृहात एक तरुण आमदार उठले. त्यांचा आवाज असा दणदणीत की सगळे त्यांना तोफ म्हणत. त्यांनी जळलेल्या दाराची कडीच सभागृहात नेली आणि ती हातात धरून भाषण केले. कामाच्या वेळी कुठल्याही कारखान्याचे दार बाहेरून बंद ठेवायचे नाही, असा कायदा त्यांनी मांडला. सगळ्या बाकांवरचे हात वर झाले. एकही हात खाली राहिला नाही. कायद्याची प्रत आमच्याकडे आली तेव्हा ती मीच आवक केली. मावशी धावत आली आणि तिने टेबलाच्या वरून वाकून ताईंना मिठीच मारली. दौत कलंडली. ती पुसायचेही कुणाला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी चालत, सावकाश.

"मी धाकटीच्या कारखान्यावर गेले होते. पहारेकऱ्याला म्हटलं, काढ कडी, कायदा झाला. तर हसला मेला. म्हणाला, झाला असेल, लागू कुठं झालाय?"

ताईंनी प्रत उघडली. शेवटच्या कलमावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या: "हा कायदा, सरकार राजपत्रात जाहीर करील अशा तारखेपासून अमलात येईल."

"म्हणजे कधी?"

"सरकार ठरवील तेव्हा."

"आणि हे सरकार बसतं कुठं?"

ताईंनी छताकडे बोट केले. वरच्या मजल्यावरच्यांना विचारले असते तर त्यांनी आणखी वर केले असते.

मित्रांनो, सभागृह कायदा करते आणि सरकार तो चालवते, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते खरेच आहे. पण आमच्या कचेरीत जिन्याखाली एक लांब बाक होता. त्या बाकाचा धडा पुस्तकात नसतो. ज्यांना आत काही सांगायचे असे, ती माणसे तिथे बसत. सभागृहाने कायद्यात सोडलेली कोरी जागा भरायची कुणी, आणि भरायची की नाही, ते पुष्कळदा त्या बाकावरून उठून आत गेलेल्या माणसाच्या बोलण्यावर ठरे. तो बाक वाईट नव्हता. लोकांनी आपले म्हणणे सांगू नये तर काय करावे? पण एकाला आत बोलावणे लगेच येई आणि दुसऱ्याला बसून बसून पाठ धरे.

लगेच बोलावणे येई ते मालकमंडळाच्या चिटणीसांना. शिपायांनी त्यांना गुळकाका नाव पाडले होते. ते कधी रागावत नसत.

"ताई, कायदा उत्तमच आहे हो," ते जाताजाता टेबलाशी थांबत. "आमच्याही घरात लेकीबाळी आहेत. फक्त घाई नको. दार किती रुंद, कडी आतून की बाहेरून, किल्ली कुणाकडे, सगळे नियम नीट होऊ द्यात. मग तारीख काय, कधीही टाकता येईल."

पाठ धरे ती शिवणकामगार संघटनेच्या बाईंची. त्यांच्या बोटांवर सुया टोचून घट्टे पडले होते. चौथ्या खेपेला त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, एक दार पुरणार नाही, दोन पाहिजेत. जाळ दारापाशीच लागला तर बाया जातील कुठे? त्यांचे चुकले नव्हते. पण दोन दारे की एक, यावर कागद वर गेला, खाली आला, आणि त्यात माझे पाचवे वर्ष संपले.

मावशी बाकावर त्यांच्या शेजारी बसून कडाडली, "दोन दारं मागताय होय? आधी एक तरी उघडा की!"

"अगं, एक उघडलं की दुसरं कोण देणार आपल्याला?"

"आणि दुसऱ्याच्या नादात पहिलं बंद राहिलं तर माझ्या पोरीला काय सांगू? तुझ्यासाठी वाद चाललाय म्हणून सांगू?"

दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. थोड्या वेळाने संघटनेच्या बाईंनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली. मावशीने ती खाल्ली, पण पाठ वळवूनच.

सभागृह अगदीच गप्प होते असेही नाही. तिथे एक समिती होती. ती प्रत्येक अधिवेशनात खात्याला विचारी, त्या कायद्याचे काय झाले? खाते उत्तर देई, "बाब विचाराधीन आहे." त्या उत्तरावर जावक ठसा माझाच असे. तारीख ठरली नाही, हे सांगणाऱ्या चौदा कागदांना मी न चुकता तारीख दिली. अक्षरे वाचता येऊ लागल्याचे दुःख मला तेव्हा कळले.

मावशी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येई. ताईंनी तिच्यासाठी टेबलाशी एक स्टूल ठेवले.

"मावशी, आम्ही आता तुमच्यावरून महिना मोजतो," ताई एकदा थट्टेने म्हणाल्या.

"मोजा बाई. एक तारीख सोडली तर तुम्हाला सगळं मोजता येतं."

मग तिने स्वतः लिहायला शिकायचे मनावर घेतले. धाकटी कामावरून आली की आईला अक्षरे गिरवायला लावी. म्हणून तिचे अर्ज हळूहळू बदलत गेले. दोन पानांचे एक पान झाले. "सविनय" गेले. "महोदय" गेले. अक्षरे वाकडीतिकडी, पण शब्द सगळे तिचे. मी त्या अर्जांवर पडायचो तेव्हा, जमेल तेवढे, तिच्या अक्षरांना न झाकता कडेला पडायचो. खरे तर तेही माझ्या हातात नव्हते. ताईच तशा दाबायच्या.

आठव्या वर्षी निवडणूक झाली आणि तोफ आमच्याच खात्याचे मंत्री झाले. कचेरीत आनंदीआनंद! ताईंनी त्या दिवशी माझे रबर ओल्या फडक्याने पुसले. आता काय, आज ना उद्या, असे आम्हाला वाटले. दोन वर्षे गेली. मावशी त्यांना भेटायला पाच वेळा वर गेली आणि पाच वेळा तिला सांगण्यात आले की मंत्री बैठकीत आहेत. अखेर दहाव्या वर्षी एके दिवशी ते जिन्याने खाली उतरत असताना ती आमच्या टेबलाशीच त्यांच्या आडवी उभी राहिली.

"ओळखलंत का?"

"मावशी, तुम्हाला कसा विसरेन?" ते म्हणाले. त्यांचा आवाज आता हळू झाला होता.

"विसरला नाहीत, चांगलं झालं. तारखेचं काय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिले. "तिकडे सभागृहात उभं राहून ओरडणं सोपं होतं हो. इथं खुर्चीत बसलं की... मालकमंडळाने कळवलंय, तारीख जाहीर केलीत तर त्याच दिवशी सगळे कारखाने बंद. सहा हजार बायका घरी बसतील. त्यात तुमची धाकटीही असेल. त्या बायकाच उद्या माझ्या दारात येतील."

"येऊ द्यात की. तुमच्या दाराला बाहेरून कडी नाही ना?"

मंत्र्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्या साहेबांना हाक मारली, कायदा लागू करण्याची तयार करून ठेवलेली अधिसूचना मागवली आणि आमच्याच टेबलावर वाकून तिच्यावर सही केली. "घ्या. मी शब्द फिरवला असं कुणी म्हणायला नको. आवकताई, हा कागद तुमच्याकडे ठेवा. वातावरण निवळलं की मी निरोप पाठवीन. मग तारीख मारून राजपत्राच्या छापखान्यात धाडा."

ते गेले. मावशीने कागद जवळ ओढला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवत तो वाचला. सहीपाशी थांबली. सहीच्या वरच्या कोऱ्या जागेवर तिचे बोट बराच वेळ फिरत राहिले.

"इथंच ना?"

"हो, इथंच," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो कागद टेबलाच्या खणात आणि मी खणाच्या वर. आमच्यात बोटभर फळी होती. निरोप आला नाही. मित्रांनो, तुम्हाला कसे सांगू? सभागृहाचे काम झाले होते. मंत्र्यांची सही झाली होती. राहिलो होतो मी. एकदा शाईत टेकायचे आणि एकदा दाबायचे, एवढ्या अंतरावर शहरातल्या सगळ्या कड्या निघणार होत्या, आणि मला मूठ होती पण हात नव्हता. ताई खण उघडत, कागद पाहत आणि पुन्हा बंद करत. मी ओरडत असे. शिक्क्याचे ओरडणे कुणाला ऐकू जात नाही.

बाराव्या वर्षी, गेल्या महिन्यात, मावशी सोमवार नसताना आली. धाकटीच्या कारखान्यात एका यंत्रातून ठिणगी उडून कापडाने पेट घेतला होता. बायकांनी पाण्याचे पिंप ओतून आग विझवली. दार वाजवून वाजवून हात सुजले, तरी कडी निघायला वेळ लागला, कारण पहारेकरी नवा होता आणि त्याला कुणाच्या परवानगीने उघडायचे ते माहीत नव्हते. धाकटीची बाही दंडापर्यंत जळली होती. मावशीने ती जळकी बाही टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्या दिवशी तिने अर्ज दिला नाही.

ताईंनी खण उघडला. कागद काढला. मला शाईत टेकवले आणि कोऱ्या जागेवर आणून धरले. तेवढ्यात साहेब शेजारून गेले.

"आवकताई, वरून निरोप आला का त्याचा?"

"नाही, साहेब."

"मग?"

एवढेच. रागावले नाहीत, कागद हिसकावला नाही. ताईंच्या नोकरीचे शेवटचे वर्ष होते. त्यांनी मला हळूच खाली ठेवले. "उद्या," त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. त्यांनी माझा दिवस फिरवला. "उजाडलं" म्हणाल्या नाहीत. बरोबर अकरा वाजता त्यांनी मला उचलले आणि पूर्ण जोर देऊन त्या कोऱ्या जागेवर दाबले. बारा वर्षांत माझा एवढा स्वच्छ ठसा कधी उमटला नव्हता. कागद छापखान्यात गेला.

चार वाजता तो परत आला. सोबत चिठ्ठी होती: सही करणारे मंत्री आज सकाळी दहा वाजता पदावरून गेले. अधिसूचनेवरची तारीख आजची आहे. सही ग्राह्य नाही.

साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग ते ताईंच्या समोरच्या स्टुलावर, मावशीच्या स्टुलावर, बसले. "काल मारला असता ना बाई," ते हळूच म्हणाले, "तर कुणाच्या बापाला काही करता आलं नसतं. तारीख द्यायचा हात सरकारचा. पण एकदा कायदा लागू झाला की तो मागे घ्यायला सभागृहच लागतं. उजेडात, सगळ्यांसमोर हात वर करावे लागतात. दारं बंद करा म्हणून हात वर कोण करणार होतं?"

"काल तुम्हीच विचारलंत ना, निरोप आला का?"

साहेबांनी चिठ्ठीची घडी केली आणि ते उठले.

परत आलेला कागद म्हणून तो मलाच आवक करावा लागला. एकाच कागदावर माझे दोन ठसे पडले. दोन्हींवर तीच तारीख होती, आणि ती एका दिवसाने चुकली होती. पुढच्या आठवड्यात ताईंना कारणे दाखवा अशी नोटीस आली. निरोप नसताना शिक्का का मारला, याची कारणे. तीही मीच आवक केली.

या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मावशी आली. ताईंनी तिला काही लपवले नाही. ती ऐकत राहिली. मग तिने आपला अर्ज काढला. त्यावर एकच ओळ होती, तिच्या वाकड्या अक्षरात: दार कधी उघडणार?

"मारा शिक्का," ती म्हणाली.

"इथं देऊ नका, मावशी. इथं आणखी बारा वर्षं पोचतच राहील. सभागृहात न्या. म्हणावं, तारीख कायद्यातच लिहा, कुणाच्या मर्जीवर सोडू नका. आणि एकट्या जाऊ नका."

मावशीने अर्ज घडी करून पुन्हा पदराला बांधला. दुसऱ्याच दिवशी ती संघटनेच्या बाईंना घेऊन सभागृहाच्या इमारतीत गेली. तिथेही म्हणे एक बाक आहे. गुळकाका त्यावर आधीच येऊन बसले होते. थोडे सरकून त्यांनी दोघींना जागा करून दिली, असे शिपाई सांगत होते.

परवा ताई निवृत्त झाल्या. जाण्यापूर्वी त्यांनी तोच कागद नव्याने टंकून ठेवला. सहीची जागा कोरी आहे आणि तारखेची जागाही कोरी आहे. मला त्याच्यावर ठेवून त्या गेल्या. टेबलावर नवा शिक्का आला आहे, अजून खोक्यात. त्याच्या पट्ट्यावर पुढची बारा वर्षे आहेत. मला त्याची दया येते.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या सभागृहात बसेल, कुणी सहीच्या खुर्चीत, कुणी बाकावर, आणि कुणीतरी ताईंसारखे दारालगतच्या टेबलाशी. जिथे असाल तिथे, कायदा झाला असे कुणी सांगितले की टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, "कधीपासून?" आणि उत्तर कागदावर लिहून मिळेपर्यंत जागचे हलू नका. तुमच्या हातात माझ्यासारखा एखादा शिक्का आला, तर "उद्या" म्हणून तो खाली ठेवू नका.

आज सकाळी धाकटी नव्या बाहीचा झगा घालून कामावर गेली. ती आत गेली आणि मागून कडी लागली. माझ्या पट्ट्यावर अजून चार दिवस आहेत. कुणीतरी ती सही आणा हो. कुणीतरी मला उचला.